दोनशे दहा पेट्यांची चाचणी

आमच्या कंपनीच्या हातून चूक सुटत नाही, असं ऋषभ सांगायचा. इतक्या वेळा सांगायचा, की सरावलीच्या चहावाल्यालाही ते वाक्य पाठ झालं होतं.

तसं त्यात खोटंही काही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सरावलीत, खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, तीन माणसं आणि एक आवाज करणारा पंखा घेऊन त्यानं 'आभाळ टेस्टिंग' सुरू केली. आता माणसं एकवीस झाली होती आणि भिंतीवरच्या फळ्यांवर साठ मोबाईल ओळीनं चार्जिंगला लावलेले असायचे. लोकांनी बनवलेली ॲप बाजारात जाण्याआधी ऋषभची माणसं ती या मोबाईलवर वापरून बघायची आणि कुठं काय बिघडतं ते लिहून द्यायची. सगळं क्लाउडवर. म्हणजे फोन सरावलीत, तपासणारा तलासरीत आणि गिऱ्हाईक वापीत, तरी काम चालू.

त्याचे वडील अण्णा यांची घोलवडला चिकूची वाडी. मुलाचा धंदा काय, असं कुणी विचारलं की अण्णा सांगत, "दुसऱ्यांच्या चुका काढतो आणि त्याचे पैसे घेतो. आमच्या घरात हेच काम त्याची आई तीस वर्षं फुकट करत्येय."

ऋषभला हे लागायचं. अण्णांना एकदा तरी आपलं काम कळावं आणि चार लोकांत त्यांनी शाबासकी द्यावी, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणून तलासरीला हायवेवर दुसरी शाखा उघडायचं ठरलं, तेव्हा फीत अण्णांच्याच हातून कापायची असा बेत त्यानं केला. शाखेची प्रमुख म्हणून जिवलीचं नाव त्याच दिवशी जाहीर व्हायचं होतं. जिवली तलासरीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची. कंपनीतली पहिली नोकर, कमी बोलणारी, आणि चूक हुडकण्यात ऋषभपेक्षा दोन पावलं पुढं. हे शेवटचं ऋषभ सांगत नसे.

त्या दिवशी पाहुण्यांसमोर दाखवायला त्यानं चिमणभाईंचं ॲप निवडलं. चिमणभाई वापीचे फळांचे व्यापारी. त्यांचं ॲप सोपं होतं. व्यापाऱ्यानं ऑर्डर टाकली की बागायतदाराच्या मोबाईलवर मेसेज जातो, बागायतदार 'ठीक' म्हणतो, माल निघतो. ऋषभनं आदल्या दिवशीच खोट्या ऑर्डरी लावून ठेवल्या. सकाळी सहाला दहा पेट्या, सातला चाळीस, आठला एकशे साठ. पडद्यावर आलेख कसा चढत गेला पाहिजे! पोच करायचा पत्ता म्हणून नव्या शाखेचा पत्ता टाकला, तेवढीच जाहिरात. राहिला बागायतदाराचा फोन नंबर. ॲप दहा आकडे भरल्याशिवाय पुढं सरकेना.

आता तुम्हीच सांगा, हल्ली कुणाला कुणाचा नंबर पाठ असतो? ऋषभला जगात एकच नंबर पाठ होता. तो आठ वर्षांचा असताना महालक्ष्मीच्या जत्रेत हरवला तर असावा म्हणून अण्णांनी घोटून घेतलेला. बोटांनी तो आपोआप दाबला.

सकाळी प्रितेश, म्हणजे ऋषभचा उजवा हात, लॅपटॉप घेऊन धावत आला. "सर, बागायतदाराकडून 'ठीक' पण येतंय. तिन्ही ऑर्डरींना!"

"बघितलंस?" ऋषभ म्हणाला. "याला म्हणतात सिस्टम."

जिवली फुगे बांधत होती. ती थांबली. "सर, बागायतदार खोटा आहे ना? मग तो उत्तर कसं देईल?"

"जिवली, आजच्या दिवशी तरी चुका काढू नकोस."

चुका काढायचाच पगार घेणारी ती मुलगी. तिनं पुन्हा फुग्यांकडं मान वळवली. नऊ वाजता अण्णांचा फोन आला, तो ऋषभनं कापला आणि 'मीटिंगमध्ये आहे' असा तयार मेसेज पाठवून दिला.

चार वाजता पाहुणे जमले. पहिल्या रांगेत जिवलीचे वडील सुकऱ्या नवा सदरा घालून बसले होते, त्याची घडी अजून मोडली नव्हती. अण्णांचा मात्र पत्ता नव्हता. पाऊण तास वाट पाहून शेवटी कात्री चिमणभाईंच्या हातात दिली. ऋषभचं तोंड उतरलं होतं, तरी माइक हातात आल्यावर तो खुलला. तीनचे एकवीस कसे झाले ते त्यानं सांगितलं. मग पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं : 'उघड्या चुका : शून्य', म्हणजे निकालात न काढलेली चूक एकही नाही. टाळ्या पडल्या.

"आता आपल्या शाखेची प्रमुख..." तो म्हणाला, तेवढ्यात खाली हायवेवर दोन टेम्पो येऊन थांबले.

पुढच्या टेम्पोतून अण्णा उतरले. पांढरे कपडे चिकूच्या चिकानं डागाळलेले, पण चेहरा नवरदेवाच्या बापासारखा. मागून पेट्या चढू लागल्या. दहा, वीस, पन्नास. जिन्यात जागा संपली तशी पाहुण्यांच्या खुर्च्यांमध्ये रचल्या.

"दोनशे दहा," अण्णा घाम पुसत म्हणाले. "मोजून घे. सकाळी दहाचा मेसेज आला, म्हटलं पाहुण्यांना वाटायला मागवले असतील. मग चाळीस. म्हटलं पाहुणे वाढले. मग एकशे साठ आले तेव्हा तुझ्या आईला म्हटलं, पोराची शाखा चांगलीच वाढलेली दिसते. आपल्या झाडांवर एवढा माल कुठला? शेजारच्या नविनच्या वाडीतला उतरवला, बोर्डीच्या मावशीकडचा उतरवला. तीन वाड्यांची माणसं लावली. तुला फोन केला तर तू मीटिंगमध्ये."

आपण काल कुणाचा नंबर दाबला, ते ऋषभला आता उमगलं. झाडावरून उतरवलेला चिकू परत झाडाला लावता येत नाही, हे घोलवडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि नविनकाकांना अण्णांनी पैशांचा शब्द दिलेला असणार.

"आ शुं छे, भाई?" चिमणभाईंनी विचारलं. "ही तर आपल्या ॲपची ऑर्डर आहे ने? टेस्टिंगमध्ये खरा माल आला कसा?"

सगळे ऋषभकडं बघू लागले. माइक चालू होता. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ते... टेस्टरकडून झालं. जिवलीकडून. मी बघतो तिच्याकडं."

बोलला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पहिल्या रांगेत सुकऱ्यांनी मुलीकडं पाहिलं आणि मग मान खाली घालून सदऱ्याचं टोक चुरगाळत बसले.

अण्णा मात्र जिवलीकडं वळले. "तू मागवलेस काय गं बाय? बरं केलंस. दोन वर्षांत या कंपनीतून मला कळेल असं हे पहिलंच काम आलं."

"मी नाही, अण्णा," जिवली एवढंच म्हणाली.

चिमणभाई पक्के व्यापारी. वरचा थर बघून पेटी घेणारे नव्हेत. "उघड्या चुका शून्य, ते दिसलं. आता बंद केलेल्या पण दाखव ने."

प्रितेशनं भोळेपणानं बटण दाबलं. सहा फुटी पडद्यावर यादी उघडली. सगळ्यांत वर होतं : 'चाचणीत खरा नंबर टाकला तर खऱ्या माणसाला मेसेज जातो. गंभीर. — जिवली.' तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. खाली : 'बंद केली — ऋषभ. कारण : खरा नंबर टाकण्याइतका वेडा कोण असेल?'

अण्णांनी खिशातून चष्मा काढला, नीट पुसला, आणि एकेक शब्द सावकाश वाचला. मग विचारलं, "ऋषभ, हा वेडा कोण?"

"मी," ऋषभ म्हणाला. "चूक माझी आहे. जिवलीनं सांगितलं होतं."

पण प्रितेशला त्याची दया येऊन त्यानं मघाशीच माइक बंद केला होता. आरोप माइकवर झाला आणि कबुली माइकशिवाय! ऋषभ व्यासपीठावरून उतरून सुकऱ्यांपाशी गेला. "काका, जिवलीची चूक नव्हती."

सुकऱ्यांनी कानामागं हात धरला. "काय?"

"जिवलीची नाही. माझी चूक."

"मोठ्यानं बोला साहेब, या कानानं येत नाही."

"मी खोटं बोललो! चूक माझी आहे!" ऋषभ ओरडला. इतक्या मोठ्यानं, की खालचा टेम्पोवाला जिन्यात येऊन बघून गेला.

सुकऱ्यांनी मान हलवली. "तेच वाटलं," ते म्हणाले. त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू आलं असावं, असं ऋषभला आजही वाटतं.

ऋषभनं अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करून शाखाप्रमुख म्हणून जिवलीचं नाव सांगितलं, आणि पुढचं सगळं तिनं हाती घेतलं. शंभर पेट्या तिनं चिमणभाईंच्या गळ्यात घातल्या, आणि त्यांनीही निमूटपणे घेतल्या. पाहुण्यांना दोन दोन पेट्या उचलायला लावल्या. उरलेला माल विकायला एकवीसच्या एकवीस माणसं हायवेवर बसथांब्याशी उभी केली. ऋषभही उभा राहिला. अंगात कंपनीचा टीशर्ट, छातीवर छापलेलं : 'चूक? आम्हाला सापडते.' येणाऱ्या प्रत्येक बसच्या खिडकीशी तो धावत होता आणि सांगत होता, "आज नका खाऊ, कच्चे आहेत, बुधवारी खा." एका बाईंनी छातीवरचं वाचून विचारलं, "सापडली का?" तो हो म्हणाला.

अंधार पडायच्या आत माल संपला. नविनकाकांना दिलेला शब्द पाळला गेला. अण्णा जाताना जिवलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले. ऋषभला म्हणाले, "शाखा चांगल्या हातात दिलीस." शाबासकी त्याला हवी होती तशीच, चार लोकांत मिळाली. फक्त ती जिवलीची होती.

रविवारी ऋषभनं माफी मागायला शब्द शोधले, ते सापडेनात. मग जे येत होतं तेच केलं. कंपनीच्या यादीत नवी चूक नोंदवली : 'मालक स्वतःची चूक दुसऱ्याच्या नावावर टाकतो. गंभीर.' आणि ती बंद करायचा अधिकार फक्त शाखाप्रमुखाला दिला.

सोमवारी सकाळी त्यानं यादी उघडली. खाली जिवलीनं लिहिलं होतं : 'दुरुस्त झाल्याचं मालक सांगतात. तपासून बघावं लागेल.'

याला आता सात महिने झाले. तपासणी चालू आहे.