बाबलकाकांचं मलाक्का

आमच्या बाबलकाकांना वाट विचारली की ते अंगठा दाखवतात.

मालवणजवळ तोंडवलीत माझं न्याहारी-निवास आहे आणि कुंपणापलीकडे काकांचं घर. माझे पाहुणे किनाऱ्याची वाट विचारायला नेमके त्यांच्याकडे जातात आणि फणफणत माझ्याकडे येतात. "सांगायचं नसेल तर सांगू नका म्हणावं," पुण्याच्या एक बाई म्हणाल्या, "पण ठेंगा कसला दाखवता?"

मी काकांना जाब विचारला.

"ठेंगो न्हय गो तो," काका म्हणाले. "मलाक्यात बोट दाखवणा म्हणजे उद्धटपणा. मूठ मिटायची, आंगठो वर ठेवायचो आणि तेना वाट दाखवायची."

"पण काकानू, ह्या मलाक्का न्हय, तोंडवली आसा."

"म्हणान काय उद्धट वागाचा?"

न्याहारीच्या टेबलापाशी मी पाहुण्यांसाठी सूचना लावलेल्या आहेत, त्यांत एक वाढवली: 'शेजारच्या काकांचा अंगठा जिकडे, समुद्र तिकडे.'

काकांचं आयुष्य होड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलं. काकी गेल्यावर मुलगा संदेश त्यांना स्वतःकडे घेऊन गेला. तो मलेशियात मलाक्का नावाच्या गावी हॉटेलात नोकरीला होता. व्हिसा तीन महिन्यांचा, तेवढे काका राहिले आणि परतले ते बॅगभर सल्ले घेऊन. सूचना देणं हा माझाही धंदा आहे, पण मी त्या ज्याला लागतात त्याला देते. काका इथल्या इथे मसुऱ्याला लग्नाला निघालेल्या माणसाला थांबवून सांगतात, "विमानतळावरसून थेट बस आसा. पण सुटर घेवा. आत इतक्या थंड, माणसाचो बर्फातलो बांगडो जाता."

भाषेची धास्ती तर त्यांनी आमच्या अख्ख्या वाडीची घालवली आहे.

"अर्धी भाशा आपलीच. बालदीक बालदी, टुवाल्याक तुआला. संडासार पाटी आसता 'तांदास'. एक अक्षर चुकला, पण गरजेक कळता. दुधाक मात्र सुसू म्हणतत. चायत सुसू घालू काय, असा इचारल्यानी तर पळा नकात."

खरा घोटाळा झाला तो मामाकमुळे. तिथे रात्रंदिवस उघडी असणारी साधी खाणावळ असते, तिला 'मामाक' म्हणतात. आता मालवणीत मामाक म्हणजे मामाला. काका जो भेटेल त्याला सांगत, "भूक लागली काय सरळ मामाक गाठायचा." रिक्षावाल्या दाजीची समजूत झाली, की काकांचा मामा तिकडे बक्कळ पैसा करून बसलाय.

"इतको मोठो मामा आसताना परत इलात कित्याक? भांडलात?"

"मामा नाय रे मेल्या, मामाक!"

"ताच इचारतंय मी. मामाक सोडून इलात कित्याक?"

पुढे संदेशने तिथल्याच मीनाशी लग्न केलं. मीनाचं घराणं मूळचं भारतातलं, पण पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच; ती देवळात जाणारी, पण घरात मलय बोलणारी. दोघांनी ठरवलं की तोंडवलीत येऊन पर्यटकांसाठी काहीतरी सुरू करायचं. मीनाची अट एकच होती: पावसाळ्यापर्यंत राहून बघते, नाही रमले तर दोघं परत. मला ही बातमी सांगताना काका पंच्याला हात पुसत होते. हात कोरडेच होते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वाडीला मलय शिकवायला घेतलं. पहिला धडा 'सुदाह माकान?' म्हणजे जेवलात का?

मासे विकणारी पारू पाटी उतरवत म्हणाली, "काकानू, जेवलंय काय ता इचारूक माका जीभ पिळूक जमाची नाय. मी मासे इकतंय, इंग्लीश नाय."

"इंग्लीश न्हय गो ह्या."

"मग तर मुळीच नको."

तरी ती शिकली. मीना दाजीच्या रिक्षातून उतरली, तेव्हा पाचसहा जणांनी एकदमच तिला जेवलीस का म्हणून विचारलं. उत्तर कुणालाच शिकवलेलं नव्हतं, त्यामुळे ती जे काही म्हणाली त्यावर सगळे नुसते हसले.

मग सांगणं सुरू झालं. समुद्रात कुठे उतरू नये ते दाजीने सांगितलं, कुठला मासा कधी घ्यावा ते पारूने. विहीर, वीज, विंचू हे विषय मी घेतले. स्वच्छ इंग्रजीत छापून, वर प्लास्टिक चढवून. काका तर पहाटेपासून तिच्या मागे. मीना प्रत्येकाला हसून थँक्यू म्हणायची. आठवड्याभरात दुसरा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नाही. एका सकाळी संदेश कुंपणाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशे, ती परतीची तिकिटां बघता."

मी ताबडतोब दुसरा कागद तयार केला: मालवणचा बाजार, वार, वेळा, रिक्षाचं भाडं. तो घेऊन निघाले, तर काकांच्या घराच्या पायरीवरच त्यांनी अडवलं.

"सुमन, आता तिका कोणी काय एक सांगा नकात."

"ह्या तुमी सांगतास?"

काका बांगडे साफ करत बसले होते. त्यांनी सुरी खाली ठेवली.

"थय माका सगळे सांगीत. हय बसा, थय जाव नकात, ह्या खावा. झील संदेशय सांगी, तेचे दोस्तय सांगीत. मी आपलो मान हलवी. आणि मगे नदीच्या धक्क्यार जावन उभो रवय. थयच्या एका होडयेचा इंजिन म्हाताऱ्यासारख्या खोका. माका उभ्या उभ्या कळा तेका काय झाला ता. रोज जाय मी, गो. आशा एकच, कोण तरी इचारात, बाबल, ह्या इंजिन असा कित्याक करता? पण माका कोण कित्याक इचारतलो?"

मी कागदाची घडी कमरेला खोचली.

काका बांगड्यांचं ताट घेऊन उठले आणि स्वयंपाकघरात गेले. मागोमाग मी दारापर्यंत. मीना फोन बघत बसली होती. काकांनी ताट तिच्यापुढे ठेवलं, समोर उकिडवे बसले आणि मोठ्या कष्टाने एक इंग्रजी शब्द काढला.

"हाऊ?"

मीना बघत राहिली. मग तिने फोन बाजूला ठेवला. बांगडा उलटून पाहिला, कल्ला उघडून पाहिला. मसाल्याचा डबा घेऊन एकेक वाटी हुंगली. आमसुलं चाखून नापास केली. मग तोंड आंबट करून, हवेत वाकडी शेंग काढून दाखवली.

ज्या माणसाने बांगड्याच्या आमटीत चिंच घातली म्हणून मेहुणीच्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही, तो माणूस मान डोलावून म्हणाला, "चिंच! व्हय व्हय, चिंचच होयी."

एवढ्यावर भागलं नाही. काकांनी सवयीने आमटीत घालायला तिरफळं उचलली, तर तिने त्यांच्या हातावर चापट मारली. काकांनी तिरफळं मुकाट्याने खिशात टाकली. मग ती बोलायलाच लागली. मलयमध्ये, भरभर, दोन्ही हात नाचवत, किती कांदा आणि कसा चिरायचा ते. आठवड्याचं साठलेलं सगळंच बहुतेक त्यात निघत होतं. काकांना त्यातलं काही कळत नव्हतं. ते दर वाक्याला "मगे? मगे?" करत होते.

मला दारात बघून ते ओरडले, "सुमन, उभी काय रवलंस? तुझ्याकडची चिंच घेवन ये गो! आणि धावत ये, ही माका सोडूची नाय."