मिक्सर लावू नका, सेल बदलतोय

बेल वाजली आणि दारात अंबादासकाका चार नवे पेन्सिल सेल घेऊन उभे दिसले, की ओळखायचं, आज शेंगाचटणी खलबत्त्यात.

"बाई, मिक्सर लावू नका. इस्त्री नको, गिझर नको. सेल बदलतोय!"

एवढं बजावून काका पुढच्या दारावर. तीन मजल्यांची आमची अपार्टमेंट, एकही बेल सुटत नाही. नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हाताऱ्याच्या छातीत काहीतरी मशीन बसवलेलं असावं. छे हो! ते सेल कॉम्प्युटरचे असतात.

हसू नका. मी हसले होते, त्याची शिक्षा म्हणून सबंध दुपार काकांच्या घरी बसावं लागलं. पुढच्या खोलीत टेबलावर पांढऱ्याचा पिवळा पडलेला एक कॉम्प्युटर. पीसीची किंमत ऐकून माणसं चार पावलं मागे सरायची, त्या काळात परदेशातल्या कुणीतरी घरगुती वापरासाठी काढलेला. काका त्यावर क्लास चालवायचे. घरात तेलुगू, दारात मराठी आणि मशीनशी इंग्रजी, असा त्यांचा व्यवहार. सोलापूरच्या पूर्व भागातला पहिला कॉम्प्युटर क्लास आपलाच, असं ते छातीठोक सांगतात. तसं सांगणारे पूर्व भागात आणखी दोघं आहेत, पण ते जाऊ द्या.

"बाई, तुमचा लॅपटॉप ठेवा बाजूला. आतलं बघा, आतलं! ह्याचा पॉवर सप्लाय कुठं हाय सांगा."

"डब्यात."

"न्हाय!" काका खुर्चीतून उठलेच. "मॉनिटरमधी हाय! वीज आधी मॉनिटरला, तिथनं खाली डब्याला. म्हणून डब्याला पंखा न्हाय. पंखा न्हाय म्हणून आवाज न्हाय. लई डोकं लावलंय की!"

"आणि मॉनिटर बिघडला तर?"

शुभकार्यात शिंकल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मग एकेक अवयव. कडेला रेडिओसारखं आवाजाचं चाक. कीबोर्डच्या पाठीला जॉयस्टिकचं भोक, म्हणजे पोरांनी डब्यामागं हात घालायला नको. सोळा रंग. दोन फ्लॉपी. मोठ्या पीसीची फ्लॉपी ह्यात बिनबोभाट चालते. "पण ह्याचा माऊस दुसऱ्या कुठल्या मशीनला चालत न्हाय बघा," काका कौतुकानं म्हणाले, "लई मानी." प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'लई डोकं लावलंय' होतंच. नातेपुत्याचे माझे दाजी एकदा तासाभरासाठी म्हणून आले, आणि त्या आवाजाच्या चाकापायी त्यांची एसटी गेली. आता फोन केला की आधी विचारतात, "मशीन बरं हाय न्हवं?"

पण काकांचा जीव खरा अडकलेला तो त्या सेलांत. मशीन बंद असताना आतलं घड्याळ चालतं ते या चार सेलांवर. सेल बसतात मॉनिटरच्या बुडाखाली, डब्याच्या डोक्यावर. जुने काढताना घड्याळ थांबू नये, म्हणून मशीन चालूच ठेवायचं. म्हणजे एकानं पेटता मॉनिटर तान्ह्या बाळासारखा उचलून धरायचा आणि दुसऱ्यानं खालचे सेल बदलायचे. तेवढ्यात कुणाच्या मिक्सरनं फ्यूज उडाला की संपलं. धरायचं काम पूर्वी लक्ष्मीकाकूंचं होतं. काकू गेल्या, तेव्हापासून माझं.

"अहो काका, थांबलं तर परत लावायचं. घड्याळच ते!" मी एकदा म्हटलं होतं.

"तसं चालत न्हाय, बाई." बास. एवढा बोलका माणूस, पण जुने सेल पुडीत बांधायला लागला.

आणि परवा नेमका पाण्याचा दिवस. सोलापुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नळ येणार चार-पाच दिवसांतून एकदा, म्हणून लग्नाचे मुहूर्तही लोक त्याला विचारून काढतात. काका त्या दिवशी मशीनला हात लावत नाहीत, कारण सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि दिवे मिणमिणतात. पण परवा पाणी अवेळी, दुपारचंच आलं. काकांनी मशीन नुकतं लावलं होतं, पडद्यावर सूचना आली होती, नवे सेल बसवा, आणि तेवढ्यात खाली पहिली मोटार घुरघुरली.

काका अनवाणीच माझ्या दारात. "बाई, चला! चला लवकर!"

जाऊन बघते तर पडद्यावरचं चित्र चारी बाजूंनी आकसत चाललेलं. आणखी एखादी मोटार लागली की मॉनिटर मान टाकणार. मॉनिटर गेला की डबा गेला, आणि खाली सेल तर मरायला टेकलेले.

"मोटारी बंद करायला सांगा की," काका म्हणाले.

"पाण्याच्या दिवशी? लोक मला जिन्यावरून खाली टाकतील. घड्याळासाठी?"

 काका हळूच म्हणाले, "ते तिनं लावलंय."

"कुणी?"

"लक्ष्मीनं. मला मेल्याला कायम उशीर. क्लासची पोरं दारात उभी आणि मी मोरीत. म्हणून ती घरातली सगळी घड्याळं पुढं लावायची. ह्याचं बी लावलं, स्वतः टाइप करून. तेवढी एकच कमांड तिला येत होती. ती गेल्यावर आमच्या पोरानं भिंतीवरची सगळी घड्याळं बरोबर केली. चांगल्यासाठीच केली त्यानं. हे तेवढं राहिलं."

मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. वर्गातली साठ पोरं गप करणारा माझा आवाज आहे, तो मी जिन्यात लावला. "मोटारी बंद करा! काकूंचं घड्याळ थांबतंय!"

वरून शेखभाभी डोकावल्या. "क्या बोलते बाई, पाच दिन के बाद पानी आया!" मग त्यांना 'काकू' ऐकू आलं असावं. त्या आत गेल्या आणि वरची मोटार थांबली. तळमजल्यावरचे मंद्रूपचे कोरेअण्णा बनियनवर बाहेर आले. "टाकी निम्मी बी भरली न्हाय हो! बरं, बरं, करतो बंद. माऊलीनं लई कडबू खाऊ घातलेत." एकेक करत साऱ्या मोटारी थांबल्या. पाण्याच्या दिवशी आमची अपार्टमेंट गप झाली! 

"उचला!" काका ओरडले. मी मॉनिटर छातीशी धरला. गरम, जड आणि थरथरणारा.  काकांची बोटं भराभर चालली. जुने बाहेर, नवे आत. "ठेवा!" पडद्यावर चित्र पुन्हा पुरतं पसरलं, काकांनी वेळ दाखवायची कमांड दिली आणि पडद्यावर वेळ आली. मी टाळ्या वाजवल्या हो, अगदी शाळेतल्या पोरीसारख्या! आणि खिडकीतून ओरडले, "लावा मोटारी!"

मग सवयीनं मोबाईल पाहिला. "काका, हे तर चारच मिनिटं पुढं आहे."

"तिनं पंधरा ठेवली होती. मशीन जरा मागं पडतं. दरसाल थोडं थोडं."

"मग परत पंधरा करा ना!"

"मी केलं तर ते माझं झालं की, बाई." काकांनी पडद्यावरची धूळ बाहीनं पुसली. "होईल एक दिवस बरोबर. तवर हाय."

 मग त्यांनी पडद्याकडे नजर टाकली आणि लगबगीनं उठले. "चार वाजले! चहाची वेळ झाली. बसा, टाकतो."

माझ्या मोबाईलवर अजून चार वाजायचे होते. मी तो टेबलावर पालथा घातला आणि म्हटलं, "टाका, काका. उशीरच झालाय."