पन्नास नंबरचं तेल

निरोप आला तेव्हा दौलतराव गाडी पुसत होते. चामटोलीहून सायकल दामटत आलेल्या माणसाने फाटकातूनच सांगितलं, "जनूबाबा पहाटं गेलं. उन्हाचं दिस, ठेवून चालाचा नाय. बारा वाजता उचलणार. आत्याला घेऊन या."

ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या पुतळाबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. जनू त्यांचा पाठचा भाऊ, एकुलता एक. आई लवकर गेली म्हणून त्याला त्यांनीच कडेवर घेऊन वाढवला होता.

"दौल्या, मना त्याचा तोंड बघाचा हाय," त्या मुलाला एवढंच म्हणाल्या.

त्यांच्याकडे बाया स्मशानात जात नाहीत. घरातून तिरडी हलली की बहिणीसाठी भाऊ संपला. तेव्हा काय ते बाराच्या आत. आता वाजले होते साडेनऊ, आणि अंबरनाथहून चामटोली म्हणजे रिक्षाने फार तर तासाभराचा रस्ता. दौलतरावांची बायको अंजनी पायात चपला घालत म्हणाली, "मी नाक्यावरनं रिक्षा आणते."

"दारात गाडी असताना रिक्षा?" दौलतराव दुखावले. "मामाच्या दारी आईला रिक्षातनं उतरवू?"

गाडी त्यांनी गेल्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, जुनी घेतली होती. चाळीत ती एकमेव होती, आणि तिला एकच खोड होती. ती तापायची. गॅरेजवाला अनंता सांगून थकला होता की रेडिएटरमध्ये गाळ साचलाय, तेवढा काढू द्या. पण दौलतराव अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनीस होते. तळाला भोक असलेल्या कपात रंग भरायचा, भोकावरचं बोट काढायचं आणि कप किती सेकंदात रिकामा होतो ते घड्याळावर बघायचं, हे त्यांचं काम. भरभर वाहिला तो रंग पातळ, म्हणजे नापास. सावकाश वाहिला तो घट्ट, म्हणजे पास. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला जगातल्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर कपात दिसायला लागतं. घरातली आमटीसुद्धा या परीक्षेतून सुटलेली नव्हती.

एका रविवारी त्यांनी तोच कप घरी आणून गाडीचं तेल मोजलं. तेल भुर्रकन वाहून गेलं. रोग सापडला! दुसऱ्या दिवशी ते उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात लछमनदासच्या दुकानी गेले आणि सगळ्यात घट्ट तेल मागितलं.

"साईं, ये पचास नंबर है, ट्रक का माल," लछमनदास म्हणाला. "छोटी गाडी में मत डालो. तेल दौडेगा नहीं, तो इंजन की गरमी कौन उठाके ले जायेगा?"

"शेठ, आपुन पेंट लाईन में है," दौलतराव म्हणाले. "पतला माल टिकता नहीं." आणि नुसत्या तेलावर न थांबता तेल आणखी दाट करणारं, मधासारखं ओघळणारं एक औषध असतं, त्याचेही दोन डबे घेऊन आले. काल संध्याकाळी हे सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने इंजिनात ओतलं आणि उरलेलं कपात भरून पाहिलं. अंजनीने चहा करून आणला, तो पिऊन झाला, तरी कप रिकामा झाला नव्हता. पुऱ्या बावीस वर्षांत एवढं घट्ट काही त्यांनी पास केलं नव्हतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास!

पुतळाबाई खुब्याच्या दुखण्यामुळे एकेक पाय उचलून आत ठेवत मागच्या सीटवर बसल्या. मांडीवर भावाला पांघरायचं कोरं पांढरं कापड होतं. गाडी चालू व्हायला पंधरा मिनिटं गेली. शेवटी शेजारच्या चौघांनी ढकलली तेव्हा ती खोकत, नाराजीनेच निघाली.

"आवाज बघ किती भारदस्त झालाय," दौलतराव म्हणाले. अंजनी तापमानाच्या काट्याकडे बघत होती. अंबरनाथ सुटायच्या आत काटा मधल्या रेघेवर आला होता.

बदलापूरच्या अलीकडे तो लाल रेघेला टेकला. बॉनेटमधून वाफ आली. दौलतरावांनी गाडी कडेला घेतली. रेडिएटरचं झाकण उघडायला फडकं सापडेना, तेव्हा त्यांचा हात मागच्या सीटकडे गेला.

"त्याला हात नको लावू!" पुतळाबाईंनी कापड छातीशी धरलं. "तो माज्या भावाचा हाय."

मग दौलतरावांनी अंगातला शर्ट काढला, त्याने झाकण फिरवलं आणि उकळत्या पाण्याने मनगट भाजून घेतलं. पाणी ओतलं, अर्धा तास थांबले. तेवढ्यात एक रिकामी रिक्षा शेजारी येऊन थांबली. "काका, आजीला सोडू काय? कुठं जायचंय?"

पुतळाबाईंनी लगेच काठी उचलली. अंजनी म्हणाली, "अहो, जाऊ द्या ना त्यांना. पावणेअकरा झाले."

"आता थंड झालीय. पोचतोच आपण," दौलतराव म्हणाले. आईकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. रिक्षा गेली.

बदलापुरात कात्रपला काटा पुन्हा लाल रेघेवर गेला. एका इमारतीच्या नळाला लांबलचक रांग होती. पण 'मयताला जायचंय' म्हटल्यावर बायांनी हंडे बाजूला घेतले. एकीने विचारलं, "कोण गेलं?" दौलतरावांनी सांगितलं, "मामा." ती गाडीकडे बघून म्हणाली, "आणि ही कवा गेली?"  घड्याळात साडेअकरा झाले होते. बॉनेट अर्धवट उघडं ठेवून सुतळीने बांधलं, म्हणजे वारा लागेल. तशा त्या जबडा वासलेल्या गाडीतून सगळे निघाले. रस्ता दिसावा म्हणून दौलतराव मान खिडकीबाहेर काढून चालवत होते, अंगात नुसतं बनियन.

बारा वाजले तेव्हा गाडी तिसऱ्यांदा उभी होती. आजूबाजूला एकही रिक्षा नव्हती. मागून हुंदका आला. पुतळाबाई रडत होत्या, पण आवाज होऊ न देता, पदर तोंडात धरून. आपण काय करून बसलोय हे दौलतरावांना तिथे, त्या उन्हात, पहिल्यांदा कळलं. बाप मेला तेव्हाही आई अशी रडली नव्हती. "आई, पोचवतो मी तुला," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच खोटा वाटला.

पाऊण वाजता चामटोलीची पाटी दिसली. गावाकडे वळणारा रस्ता एका गाडीपुरता, आणि त्यावर दोन्हीकडे खोल चर असलेली एक अरुंद मोरी. त्या मोरीवर मधोमध इंजिनातून लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज झाला, गाडीने एक हिसका दिला आणि ती जागच्या जागी थिजली. दौलतरावांनी गिअर काढायचा प्रयत्न केला. गिअर निघेना. चाकं फिरेनात.

तेवढ्यात समोरून टाळांचा आवाज आला.

मळ्याच्या वळणावरून तिरडी येत होती. पुढे मामाचा मुलगा सदू, हातात विस्तवाचं मडकं. मागे तीस-चाळीस माणसं. तिरडी मोरीपाशी येऊन थांबली. नदीवर जायला दुसरी वाट नव्हती.

"दादा, लय वाट बघितली," सदू रडवेला होऊन म्हणाला. "गाडी जरा बाजूला घ्या."

"हलत नाही रे."

"मग तिरडी माघारी न्यायची?"

"माघारी? येडा का खुळा तू?" भावकीतले सगळ्यात म्हातारे गंगूबाबा पुढे आले. "मयत घराकडं फिरवतात व्हय! चरात पण नाय उतरवाचा. ठेवा हितंच. आज विसावा हितं."

अर्ध्या वाटेवर तिरडी टेकवून खांदेकऱ्यांनी जागा बदलायची, त्याला विसावा म्हणतात. चामटोलीचा विसावा पुढच्या चिंचेखाली ठरलेला. पिढ्यान्पिढ्या तो कधी हलला नव्हता. आज तो मोरीवर आला. ज्यांनी जनूमामाला खांदा दिला होता त्यांनी तिरडी टेकवली आणि ते गाडीला खांदा द्यायला गेले. गाडीची मागची बाजू उचलायची, वीतभर सरकवायची, टेकवायची, दम खायचा. "उचल रं!" "अरं, मयतापरीस जड हाय की ही!" बनियनवर, भाजलेल्या मनगटाने दौलतरावही उचलत होते. त्यांना कोणी एक शब्द बोललं नाही, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

अंजनीच्या आधाराने पुतळाबाई उतरल्या आणि तिरडीशेजारी मातीत बसल्या. त्यांनी भावाच्या गालावरून हात फिरवला. कपाळावरचा गुलाल सारखा केला. मग त्या त्याच्याशी हलक्या आवाजात बोलू लागल्या. काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही, कारण सगळं गाव गाडीपाशी ओरडत होतं. शेवटी त्यांनी कोरं कापड पांघरलं आणि ते चारी बाजूंनी नीट खोचलं.

गाडी मोरी ओलांडून कडेला लागायला वीस मिनिटं लागली. तिरडी नदीकडे गेली. पुतळाबाई मोरीच्या कठड्यावर बसून राहिल्या.

सगळं उरकल्यावर सदूने बदलापुरातून रिक्षा मागवली.  परतीच्या वाटेवर कात्रप मागे पडल्यावर दौलतरावांना राहवेना.

"आई, चुकलं माझं. सकाळी रिक्षा केली असती तर तू वेळेत घरी पोचली असतीस."

"पोचली असती," पुतळाबाई म्हणाल्या. "मंग काय झाला असता? घरात बायांची ही गर्दी. एक वढणार, एक रडणार, आणि भटजी घाई करणार. जरासा तोंड बघितला की उठवला असता मना." त्या बाहेर बघत राहिल्या. "आज कोनी घाई केली नाय. तुमी समदी गाडीत गुतलेली. त्याला आई गेल्यावर रोज झोपवताना बोलाची, तसा बोलली मी त्याच्याशी. लय बोलली."

 दौलतरावांनी आईचा हात हातात घेतला. बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांचं काम पास केलं होतं.

पुतळाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पन दौल्या, माज्या टायमाला तुज्या बहिनीला सासरवरनं आनशील ना, तवा मातर रिक्षा कर."