मंगळवारची सामुद्रधुनी

दर मंगळवारी, ऐन तेल तापलं की, डोंबिवली पूर्वेला होर्मुझची सामुद्रधुनी बंद होते. बंद करतात त्या आमच्या सुलभाकाकू. पदर कमरेला खोचून आत येतात, गॅसचा कॉक पिरगाळतात आणि ओरडतात, "सामुद्रधुनी बंद! जहाजं अडकली! चला, हला!" की आम्ही सगळ्याजणी झाऱ्यांसकट मागच्या अंगणात पळतो. तिथे कोळशाच्या शेगड्या मांडलेल्या असतात. कढईत अर्धवट तळलेल्या चकल्या तशाच पोहत राहतात. त्यांना कोण विचारतंय!

आता नीट सांगते. आखातातला गॅस आपल्याकडे ज्या चिंचोळ्या समुद्रातून येतो ती ही सामुद्रधुनी, आणि ती बंद पडली तर काय, याची ही काकूंची तालीम. काकूंचा फराळाचा कारखाना आहे. कारखाना हा त्यांचा शब्द; आहे आपला तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक. चकली, लाडू, करंज्या बारा महिने दुबईला, लंडनला, अमेरिकेला जातात. काम करणाऱ्या आम्ही सहाजणी. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून आमचं घर या चकल्यांवरच चाललंय, आणि बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच. काकूंचा कारखाना थांबला तर आम्ही सहाजणी रस्त्यावर, सरळ हिशेब. आमच्यापेक्षा काकूंनाच याची जास्त धास्ती. म्हणून तर त्या आमचा जीव खातात.

"आणि हे बंद पडलं तर?" हा त्यांचा लाडका प्रश्न. तो कशालाही विचारतात. मिक्सरला, वॉचमनला, मुंबई बंदराला. माझ्या भाचीच्या साखरपुड्याला आल्या, पेढा तोंडात टाकला, नवऱ्यामुलाकडे नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि माझ्या बहिणीला म्हणाल्या, "मुलगा छान आहे हो. आणि हे बंद पडलं तर?" बहीण अजून माझ्याशी धड बोलत नाही.

बातम्या मात्र त्या मन लावून बघतात. जगात कुठेही ठिणगी पडली की ती थेट आमच्या परातीत येऊन पडते. युक्रेनमध्ये लढाई जुंपली, तर तेल तिकडून येतं म्हणून सनफ्लॉवरचे डबे जप्त. आठवडाभर शेंगदाणा तेलात तळून बघायचं. सामुद्रधुनीच्या पहिल्या मंगळवारी तर मज्जाच झाली. गॅस बंद केला, इंडक्शन लावलं आणि कळलं की आमच्या सगळ्या कढया गोल बुडाच्या! इंडक्शन नुसतं टूं टूं करत बसलं. मी म्हटलं, "काकू, युद्ध हरलो आपण." त्या म्हणाल्या, "आजच हरलो ते बरं," आणि तशाच उठून सपाट बुडाच्या कढया घेऊन आल्या.

बेसनाचं तर विचारूच नका. एकावर विसंबायचं नाही म्हणून कल्याणच्या मार्केटमध्ये दोन व्यापारी धरले होते. एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मी एकाकडे जाताना चष्मा लावायचा, दुसऱ्याकडे काढायचा, असला आचरटपणा! एकदा एकाकडे माल नव्हता म्हणून दुसऱ्याकडे गेले, तर तिथेही ठणठणाट. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. दोघंही एकाच गिरणीतून बेसन उचलत होते, आणि ती गिरणी बंद होती. वर ते दोघं सख्खे साडू! काकूंनी कपाळावर हात मारला. "वर्षा, अगं मी दोन दोर बांधले म्हणून निजले, आणि दोन्ही एकाच खुंटीला!" मग तिसरा माणूस टिटवाळ्याचा शोधला. त्याला आधी विचारलं, साडू आहे का आणि काय करतो.

अमेरिकेने कर वाढवले तेव्हा तर कहर. म्हणाल्या, परदेशी माल तपासताना कसा त्रास देतात त्याची सवय हवी. आमच्यातली रंजना टिटवाळ्याहून येते, अंगाने चांगली दणकट. तिला केलं कस्टम ऑफिसर. तिने खुर्ची टाकली, खोके फोडले आणि "हे संशयास्पद आहे" म्हणत बेसनाचे लाडू एकामागून एक जप्त केले. जप्त माल संध्याकाळपर्यंत पोटात. शेवटी काकूंनाच तिला नोकरीवरून काढावं लागलं, म्हणजे कस्टमच्या.

शेगड्यांच्या धुरावरून सोसायटीचे सेक्रेटरी साळवी दर मंगळवारी भांडायला यायचे. काकू त्यांच्या हातात गरम चकली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या घरचा गॅस बंद पडला तर? तुमची शेगडी कुठाय?" साळवी खाता खाता विचारात पडायचे आणि निघून जायचे.

आणि मग एका गुरुवारी काकू आत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सामुद्रधुनी बंद."

आम्ही हसलो. रंजना म्हणाली, "काकू, अहो आज गुरुवार! मंगळवारी केली ना बंद?"

काकू हसल्या नाहीत. गॅसवाल्याचा फोन येऊन गेला होता. तिकडे आखातात खरंच पेटलं होतं. धंद्याचे सिलिंडर मिळणार नव्हते, कधी येतील ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

देवाशप्पथ सांगते, आमचा घाणा एक दिवससुद्धा थांबला नाही. शेगड्या पेटल्या, इंडक्शनवर सपाट कढया चढल्या, आम्ही सराईतासारख्या कामाला लागलो. शेजारच्या गल्लीतलं पोळीभाजी केंद्र दोन दिवसांत बंद झालं, कोपऱ्यावरचं उडप्याचं हॉटेलही. आम्ही मात्र तळतोय! फक्त तळून पाठवायचं कुठे? दुबईच्या ऑर्डरी थांबल्या, बाकीच्यांचं विमानभाडं परवडेना. खोके छतापर्यंत गेले. रंजना कुजबुजली, "निम्म्याजणींना घरी बसवणार बघ." मी तिला झापलं, पण नजर माझीही त्या खोक्यांवरच होती.

पुढच्या आठवड्यात शनिवारी दुपारी काकूंनी सगळ्यांना चटईवर बसवलं. स्वतः उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उद्यापासून..."

आणि थांबल्या. कधी नव्हे ते त्यांना शब्द फुटेना. पाणी प्यायल्या. पुन्हा "उद्यापासून" म्हणाल्या, पुन्हा गप्प. रंजनाने तोंडाला पदर लावला. मी मनातल्या मनात घरी जाऊन नवऱ्याला काय सांगायचं ते जुळवायला लागले.

"उद्यापासून अर्धा तास लवकर या," काकू एका दमात म्हणाल्या. "डबे सुरू करायचेत. हॉटेलं बंद, केंद्रं बंद, ठाकुर्लीपासून कल्याणपर्यंत एकटी राहणारी पोरं उपाशी आहेत. दुबई नाही तर ठाकुर्ली! सहाजणी पुरणार नाहीत, ती केंद्रावरची बाई घरी बसलीये, तिलाही बोलावलंय."

रंजनाने भोकाड पसरलं. काकू खेकसल्या, "रडतेस काय! पिठात मीठ आधीच घातलंय!"

सगळ्या गेल्यावर मी भांडलेच. "काकू, अशी बातमी अशी सांगतात? जीव गेला होता आमचा!"

त्या कढई घासत होत्या. मान वर न करता बोलल्या. "यांचं वर्कशॉप होतं गं एमआयडीसीत. गिऱ्हाईक एकच, परदेशातलं. तिकडे लढाई लागली आणि इकडे काम संपलं. असंच शनिवारी सगळ्यांना बसवलं यांनी. 'उद्यापासून' म्हणाले आणि पुढे बोलवेनाच त्यांना. मग ते मी बोलले. 'उद्यापासून येऊ नका.' वहिनी वहिनी करणारी माणसं, माझ्या हातचं जेवलेली. माझ्याकडे बघत राहिली नुसती. मघाशी तुम्ही तशाच बघत होतात."

मी पुढे सरकले. कढईचा दुसरा कान धरला आणि दोघींनी मिळून ती पालथी घातली. मी चपला घातल्या तशा त्या दारापर्यंत आल्या.

"वर्षा, उद्या येशील ना गं?"

इतक्या वर्षांत काकूंनी हे कधी विचारलं नव्हतं. हुकूम असायचा नुसता.

"येईन की. जाणार कुठे तुम्हाला सोडून?" मी म्हटलं, आणि फाटकाबाहेर येऊन सावकाश डोळे पुसले.