शातो ग्रांदोर्म आणि ओलं गोणपाट

ज्या गोष्टीतलं आपल्याला काही कळत नाही तिच्याबद्दल हळू आवाजात आणि आदराने बोलावं, या तत्त्वावर सुसंस्कृत समाज उभा आहे. वाइनचा धंदा तर केवळ याच तत्त्वावर उभा आहे, आणि त्यात मी दोन वर्षं तीन महिने तज्ज्ञ होतो.

माझं नाव उल्हास. मुंबईहून ओसाकाला आलो तो एका व्यापारी कंपनीत पंपांचे सुटे भाग विकायला. पुढे कंपनीने फ्रान्समधून वाइन आणायचं ठरवलं आणि आमचे साहेब हिरानो-सान यांनी त्या विभागासाठी माझी निवड केली. फ्रेंच लोकांशी इंग्रजीत बोलावं लागणार, आणि ऑफिसात इंग्रजी बोलणारा मी. शिवाय एका निरोपसमारंभात 'वाइन आवडते का?' या प्रश्नाला मी 'हो' म्हणालो होतो. (प्रश्न मला ऐकू आला नव्हता. न ऐकू आलेल्या प्रश्नाला इथे 'हो' म्हणायची पद्धत मी लगेच उचलली होती.) तोवरचा माझा वाइनचा अनुभव दोन पेल्यांचा. त्यातला एक सांडला होता.

आमची मुख्य वाइन होती शातो ग्रांदोर्मची. लार्व्हो नावाच्या कुटुंबाची अकरा हेक्टर द्राक्षबाग, घराखाली तळघर आणि बागेत राबणारी सातवी पिढी. माहितीपुस्तिका सोळा पानांची होती. चौदा पानं कुटुंबाबद्दल, एका पानावर नकाशा आणि उरलेल्या पानावर वाइन. आमच्याकडे श्राद्धातसुद्धा तीन पिढ्यांपुढे नावं लागत नाहीत; पण लार्व्हो घराण्याचे सगळे पूर्वज मी संध्येतल्या चोवीस नावांसारखे घडाघडा म्हणू लागलो. गिऱ्हाईक गहिवरायचं. बाटली उघडायची वेळ फार क्वचित यायची.

अडचण आली ती हिरानो-साननी प्रत्येक वाइनच्या चवीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या तेव्हा. मी एका शनिवारी घरी ग्रांदोर्मचा पेला भरला, हुंगला, घोट घेतला आणि वहीत लिहिलं : 'लाल.' पुढे काही सुचेना.

"बघू," माझी बायको कौमुदी म्हणाली. ती सांगलीजवळच्या एका मसाल्याच्या कारखान्यात नऊ वर्षं माल तपासत असे. पोत्यात नमुना काढायचा पोकळ बांबू खुपसून बाहेर काढला की हळद कुठल्या गोदामात भिजली ते ती नाकाने सांगायची. इथे ती माझ्या व्हिसावर आलेली. त्यामुळे डबे भरण्याच्या एका कारखान्यात आठवड्याला अठ्ठावीस तासांच्या आत अरुबाइतो, म्हणजे तासावरचं काम, करायची. समोरून सरकणाऱ्या प्रत्येक डब्यातल्या भातावर मधोमध एक खारवलेलं फळ ठेवायचं, एवढंच काम.

"आज तुझी संकष्टी ना?" मी म्हणालो.

"पिणार कुठेय? नाकाला कसला उपास?" तिने डोळे मिटले. "आधी जांभूळ. मग भाजलेले धणे, पण जरा जास्त भाजलेले. आणि तळाशी कोऱ्या वहीचा वास."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. (अगदी जसंच्या तसं नाही. जास्त भाजलेल्या धण्यांचं मी 'पूर्वेकडची लांबलेली संध्याकाळ' केलं.) खाली सही माझी. ग्रांदोर्मच्या मालकीणबाई मादाम लार्व्हो यांचं फ्रान्सहून पत्र आलं : 'आमच्या टेकडीला इतकं नेमकं ओळखणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटतो आहे.' हिरानो-साननी ते चौकटीत लावलं. कौमुदीला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "छान लिहिलंय तुला," आणि कामावर गेली. तो 'तुला' हा शब्द मला दोन दिवस टोचला. तिसऱ्या दिवशी पगारवाढ झाली आणि टोचणं थांबलं.

अशा तऱ्हेने मी एकोणतीस वाइनांचा तज्ज्ञ झालो.

मग मादाम लार्व्हो स्वतः ओसाकाला आल्या. एका मोठ्या हॉटेलशी पाच वर्षांचा करार व्हायचा होता, आणि दोन वर्षं गारपिटीने झोडपलेल्या त्या बागेला तो करार हवाच होता. हॉटेलात दुपारचं जेवण ठेवलं. सपत्नीक या, असं मादामनी मला मुद्दाम कळवलं होतं. टेबलाशी आम्ही चौदा जण. मादाम सत्तरीच्या, हात माझ्या आत्याच्या हातांसारखे, नखांत माती राहून गेलेले.

शेवटी त्यांच्या आजीने लावलेल्या वेलींची वाइन आली. मादाम उभ्या राहून आजीबद्दल बोलत होत्या, त्यामुळे त्यांचा पेला तसाच होता. आम्ही बाकीच्यांनी घोट घेतला. हॉटेलचे संचालक म्हणाले, "खोल आहे." वाइनचे एक समीक्षक म्हणाले, "गूढ." हिरानो-साननी डोळे मिटून मान हलवली. मी म्हणालो, "घराणं जाणवतं." (हे वाक्य मी कुठल्याही वाइनला वापरत असे. ते कधी चुकलं नव्हतं.)

कौमुदीने पेला नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"उल्हास, ओल्या गोणपाटाचा वास येतोय," ती मराठीत हळूच म्हणाली. "बूच बुरसलंय. बाटली खराब आहे."

"गप्प बस," मी हसऱ्या चेहऱ्याने म्हणालो.

"अरे, त्या बाई हेच विकायला बसल्यात. त्यांना कळायला नको?"

मादाम बोलायच्या थांबल्या. "तुमच्या मिसेस काय म्हणाल्या?"

मी म्हणालो, "त्या म्हणतात, शब्दच नाहीत."

मादाम माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या कौमुदीच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी आपला पेला उचलला, एकदाच हुंगला आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी कौमुदीला थेट विचारलं, "काय वास आला तुम्हाला? तुम्ही सांगा."

कौमुदीचं इंग्रजी बेताचं. पण तिने मान वर केली. "वेट सॅक," ती म्हणाली. "सॉरी. वाइन गुड. कॉर्क बॅड."

टेबलावर काटा पडला असता तरी ऐकू आला असता. पण काटे सगळ्यांनी घट्ट धरून ठेवले होते.

"थँक यू," मादाम म्हणाल्या. "या बाटलीची स्तुती करणाऱ्याला माझ्या आईने टेबलावरून उठवलं असतं."

यानंतर जे घडलं त्याची आकडेवारी मी जपून ठेवली आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी टेबलावरच्या बारा जणांना ती वाइन अलौकिक वाटत होती. दोन चौदाला त्याच बारा जणांना पहिल्या घोटालाच शंका आली होती. समीक्षक म्हणाले, त्यांनी 'गूढ' हा शब्द त्याच अर्थाने वापरला होता.

दुसरी बाटली उघडली. मादामनी ती आधी कौमुदीपुढे ठेवली. "जांभूळ," कौमुदी मला म्हणाली, "आणि धणे, जास्त भाजलेले." मी या वेळी जसंच्या तसं सांगितलं. मादामनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ती संध्याकाळ तुमची होती तर," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच एक पटलं नव्हतं."

"बाकी सगळं हिचं आहे," मी म्हणालो. दोन वर्षांत वाइनबद्दल मी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य. कौमुदीने माझा पेला माझ्यापासून लांब सरकवला.

करार झाला. एक अट मादामनी स्वतः घातली, की प्रत्येक खोक्याची तपासणी कौमुदी-सान करतील. तिला तिचा स्वतःचा व्हिसा मिळाला. मी पंपांच्या सुट्या भागांकडे परत गेलो. तिथे वस्तू पाण्यात बुडवली की कळतं, गळते की नाही. फार निर्दय खातं आहे.

ही हकीकत मी आजवर एकसष्ट जणांना सांगितली. एकसष्टही जण म्हणाले, 'आम्ही असतो तर तिथल्या तिथे सांगितलं असतं.' माणसांवर माझा विश्वास आहे. म्हणून कौमुदीने नापास केलेल्या काही बाटल्या मी घरी आणून ठेवल्या आहेत, आणि आता जेवायला येणाऱ्याला हकीकत सांगण्याआधी मी एक पेला देतो. आजवर अकरा जण आले. नऊ जण 'वा' म्हणाले, दोघांनी लेबलचा फोटो काढला.

तुम्ही तसे नाही, हे मला माहीत आहे. कधी ओसाकाला आलात तर जरूर या.