अण्णांची बसायची जागा

सिद्रामप्पाअण्णांना कुणी नवा माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडं बघत, मग तोंडाकडं. मी माळशिरसहून मिलमध्ये कामाला आलो आणि भवानी पेठेत त्यांच्या भुसार दुकानामागची खोली मागायला गेलो, तेव्हा नाव-गाव विचारायच्या आधी त्यांनी मला वहाणा काढायला लावल्या. कनवटीची सुतळी काढून माझं पाऊल टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजलं आणि म्हणाले, "बारीक हाय. खड्डा लहानच लागंल की तुला, तम्मा."

मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेला, घरापासून पहिल्यांदाच लांब आलेला. दोन दिवस मी माझी वळकटी उलगडली नाही. पळायची वेळ आली तर उशीर नको.

तिसऱ्या दिवशी अण्णांनीच उलगडा केला. त्यांच्या लिंगायत रीतीत माणूस गेला की जाळत नाहीत, पुरतात; आणि तेही निजवून नाही, मांडी घालून, हातात लिंग देऊन बसवतात. खड्डा केवढा घ्यायचा ते ज्याचं त्याचं पाऊल ठरवतं. नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. "बाकीचे निजत्यात. आमी बसतो," हे अण्णा अशा तोऱ्यात सांगत की जणू बाकीच्या दुनियेला बसायचं कधी सुचलंच नाही.

स्वतःची ही जागा त्यांनी अक्कलकोटच्या वाटेवरच्या शेतात जिवंतपणीच खणून, दगडांनी बांधून घेतली होती. पण मापाच्या दिवशी घोटाळा झाला. मंगल काम म्हणून अण्णा नव्या करकरीत वहाणा घालून गेले आणि त्याच वहाणांनी पावलं टाकत माप दिलं. वहाणांची टोकं चार बोटं पुढं आलेली. गवंड्यानं निमूट तेवढं बांधलं. मग त्यांचे गुरू जंगमस्वामी बघायला आले, कडेनं दोनदा फिरले आणि म्हणाले, "सिद्रामप्पा, ही जागा तुझी का तुझ्या वहाणांची?"

"ऐसपैस बसतो की," अण्णा म्हणाले. "हितं तरी कुणी सरकून घ्या म्हणायला न्हाय."

तरी एवढी जागा मोकळी पडलेली त्यांच्यातल्या व्यापाऱ्याला बघवेना. "मी येस्तोवर तिनं बसून काय करायचं?" असं म्हणून त्यांनी आत ज्वारीची पोती रचली. जंगमस्वामी महिनाभर बोलत नव्हते. आमच्या आळीत मात्र ती ज्वारी घरोघर जाई. जेवताना अण्णा दारातून डोकावून विचारत, "कशी हाय माझ्या समाधीची भाकर?" पहिल्यांदा मी हातातला घास परत ताटात ठेवला. पण भाकरी गोड होती. पहिला पगार हातात येईतो मी दोन्ही वेळा तीच खाल्ली, आणि त्याची आठवण अण्णांनी मला एकदाही करून दिली नाही.

जागा झाली, माप झालं, एक गोष्ट मात्र अडून राहिली होती. बसवलेल्या माणसाची मान राहत नाही, पडते. माती खांद्यापर्यंत येईतो कुणीतरी आपल्या माणसानं खाली उतरून ती धरावी लागते. अण्णांची बायको मागंच वारलेली, मूलबाळ नव्हतं. राहता राहिला अक्कलकोटचा पुतण्या, मल्लू. तो धरणार का, एवढाच अण्णांचा घोर होता. "बाकी सगळं पैक्यानं हुतंय," ते म्हणत. "मान धरायला माणूस लागतो."

एका सुट्टीला मल्लू गाडी घेऊन आला. आम्ही तिघं शेतावर गेलो. अण्णांनी पोती बाहेर काढायला लावली, मग स्वतः उतरले आणि कुरकुरणारे गुडघे दोन्ही हातांनी दुमडून मांडी घालून बसले.

"बा रे मल्लू, ये खाली. जरा धरून बघ."

मल्लू काठावरच उभा. "काका, धोतर नवं हाय."

"मग खोचून घे की."

"बघू तवाचं तवा. आताच काय घाई हाय?"

"घाई न्हाय बाबा. सराव हाय."

मल्लू हसला. माती लागेल म्हणून काठावरनं दोन पावलं मागंच सरला. जाताना ज्वारीचं एक पोतं तेवढं त्यानं गाडीत घातलं. अण्णांनी खालून ओरडून सांगितलं, "दोरी आवळून बांध रे, सांडंल वाटंत."

गाडी दिसेनाशी झाली. एरवी पोती बघायला उतरले की अण्णा गुडघ्यांना कानडीत शिव्या घालत हात वर करायचे आणि मी ओढून घ्यायचो. आज हात वर आला नाही. मी वाट बघितली. मग माझ्या मनात आलं ते आलं, आणि लगेच भीतीही आली. मी धनगराचा पोरगा, यांच्या रीतीभातीत माझा हात चालतो का? रागावले तर खोली जायची. तरी उतरलो.

"अण्णा, मी धरू का? आमी धनगर. चालंल का?"

"हात हायती न्हवं दोन?"

मी मागं बसलो आणि दोन्ही तळवे त्यांच्या कानांखाली लावले.

"गच्च नको. कोकरू धरतोस तसं."

तेवढं मला येत होतं.

अण्णांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं, कुणाला सांगतायत ते कळू नये असं बोलले. "मानमोडीच्या तापाच्या साथीत माझी बायकू गेली. पार्वतीला पुरायला आणली, तवा मी एकटाच. आळीतलं कोण आलं न्हाय. मान धरू का माती वढू? माती वढायला वळलो, आणि तिची मान कलंडली."

मी हात हलू दिले नाहीत. तळवे भरून आले, मुंग्या आल्या, तेव्हा हळूच विचारलं, "सोडू का अण्णा?"

"आणिक थोडं," ते म्हणाले, आणि डोक्याचा सगळा भार माझ्या हातांवर टाकला.