मधल्याचा वॉकआउट

चष्म्याच्या दुकानात समोरची खुर्ची एकच होती आणि तिच्यावर थोरला भाऊ बसायचा. धाकटा गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा, मधल्याची बायको फ्रेमा पुसून मांडायची आणि मधला मागच्या खोलीत काचा घासायचा. निम्मी हयात त्याची त्या खोलीत गेली. आपण घासलेली काच कुणाच्या नाकावर बसते, हेसुद्धा त्याला कधी दिसलं नव्हतं. आता थोरल्याचे गुडघे कुरकुरायला लागले होते, खुर्ची रिकामी होणार होती आणि मधल्याचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. पण तसं तोंडानं म्हणायचं कसं? मागून मिळालेला मान तो मान कसला, असं त्याचं म्हणणं.

खुर्चीचा निर्णय संध्याकाळी दुकान आवरल्यावर व्हायचा होता. सकाळी पेपरात विरोधकांच्या वॉकआउटची बातमी होती आणि बायकोनं सहज विचारलं, की म्हणजे नेमकं काय करतात. झालं, स्वारी खुलली. रुसून जाणं वेगळं आणि वॉकआउट वेगळा, त्यानं समजावलं. रुसलेला माणूस दार आपटतो, वॉकआउटवाला ते हळूच लावून घेतो, कारण त्याच्यामागे तत्त्व असतं. मग आत बसलेल्यांची तोंडं बघण्यासारखी होतात आणि मनधरणी करून त्याला परत आणावं लागतं.

"आणि कुणी आलंच नाही बोलवायला, तर?" बायकोनं विचारलं.

त्यानं पान उलटलं.

संध्याकाळी चौघं बसले. थोरल्याची एक खोड होती. कुणाला काही द्यायचं झालं, की तो आधी लांबून सुरुवात करायचा. त्या दिवशीही त्यानं घसा खाकरला आणि मधल्याचं कौतुक मांडलं. काच घासावी तर यानंच, मागची खोली म्हणजे याचं राज्य, असा हात दुसऱ्या कुणाला नाही. मधल्यानं हिशेब केला. म्हणजे आता मरेपर्यंत काचाच! थोरल्याच्या तोंडातून 'पण' निघणार एवढ्यात हा ताडकन उठला.

"मी निषेध म्हणून बाहेर जातोय," तो म्हणाला आणि दार अगदी हळूच लावून घेतलं.

समोरच्या फुटपाथवर उभं राहून तो दुकानाच्या काचेतून आत बघू लागला. पहिल्यांदा तिघंही थिजल्यासारखे बसले होते. त्याला बरं वाटलं. मग ते बोलायला लागले. मग धाकट्यानं मान डोलावली. मग तिघांनी हात वर केले, त्याच्या बायकोनं जरा उशिरा, पण केला. आणि मग सगळे चक्क हसले. दाराकडे कुणी फिरकलं नाही.

तेवढ्यात एक जुनं गिऱ्हाईक शेजारी येऊन थांबलं आणि तेही आत डोकावू लागलं.

"काय चाललंय आत?"

"बैठक."

"तुम्ही नाही त्यात?"

"आहे ना," मधला म्हणाला. अंगात अॅप्रन, हाताला पांढरी भुकटी. धरणी दुभंगावी असं त्याला झालं.

गिऱ्हाईक गेल्यावर तो काचा घासायचं मशीन चालू राहिल्याचं निमित्त करून आत शिरला. थोरल्यानं उठून त्याला मिठीच मारली. थोरल्याचे डोळे भरून आले होते. तो सांगू लागला, की मी समोरच्या खुर्चीसाठी तुझंच नाव घेत होतो आणि तू ऐकायच्या आधीच उठलास. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. हातातली कला सोडायला लावतोय म्हणूनच तुझा निषेध.

"खुर्ची चालून आली तरी लाथाडणारा माणूस मी पाहिला नव्हता," थोरला म्हणाला. "उद्यापासून समोर तुझी बायको बसेल. एकमतानं ठरलंय."

धाकट्यानं पाठ थोपटली. मधल्यानं हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. मान खाली घालून तो मागच्या खोलीत गेला आणि बंद मशीन पुन्हा बंद केलं. खरं सांगावं तर अब्रू जात होती आणि न सांगावं तर खुर्ची.

बायको मागोमाग आली. दार तिनं ओढून घेतलं.

"खरं सांगा. तुम्हाला बसायचं होतं ना तिथे?"

त्यानं हातावरची भुकटी झटकली. मग म्हणाला, "फार."

"मलाही," ती म्हणाली. "दादांनी तुमचं नाव घेतलं, तेव्हा वाईट वाटलं मला. पण मी बसून राहिले."